बघ्यांच्या हातातला कॅमेरा

संध्याकाळच्या गर्दीत ग्वाल्हेरच्या नया बाजारात एखादी स्कूटर घसरून माणूस पडला, की बघता बघता त्याच्याभोवती कोंडाळं होतं. ही माणसं एरवी कशी वागतात, ते लष्कर भागात राहणाऱ्याला ठाऊक आहे. हातगाडी खड्ड्यात अडकली तर न सांगता चौघं खांदा लावतात. पत्ता विचारला तर बोट दाखवून थांबत नाहीत, कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात. पण रस्त्यावर रक्त दिसलं की तेच पाय थबकतात, माना पुढे होतात आणि कुणाचा तरी फोन वर जातो. मग एक आवाज येतो, ‘अरे, कोई एम्बुलेंस को फोन करो!’ हे ओरडणाऱ्याच्या हातातही फोन असतोच.

असं का होतं? ‘माणुसकी उरली नाही’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असतं. ते ऐकायला बरं वाटतं, कारण ते म्हणणारा आपोआप माणुसकी असलेल्यांत जाऊन बसतो. पण त्याने काही उलगडत नाही. अर्ध्या तासापूर्वी हातगाडीला खांदा देणाऱ्याची माणुसकी स्कूटर पडताच कुठे गेली? गर्दीच्या थबकण्याला काही ठरावीक कारणं आहेत आणि ती तपासून पाहिलेली आहेत. कॅमेऱ्याचा प्रश्न त्यानंतरचा.

सगळे आहेत, म्हणून कुणीच नाही

मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज या तरुणीचा रात्री भोसकून खून झाला. ३८ शेजारी खिडकीतून पाहत राहिले आणि कुणी हललं नाही, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली आणि ती जगभर गेली. पुढे कळलं की बातमी बरीच फुगवलेली होती. बहुतेकांनी फक्त किंकाळी ऐकली होती, हल्ल्याचा दुसरा भाग इमारतीच्या आत झाला होता, आणि एक शेजारीण तर जिवाची पर्वा न करता खाली धावली होती. किटीला तिने आपल्या हातांत धरलं होतं. बातमी कच्ची होती, पण तिने विचारायला लावलेला प्रश्न पक्का निघाला.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत नेला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फेफरं आल्याचा आवाज ऐकू येई. हा आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. आपण एकट्यानेच हे ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के झालं. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ते ३१ टक्क्यांवर आलं.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत सामाईक जिन्यावरचा दिवा असतो. तो गेला की आठ बिऱ्हाडं महिनाभर अंधारात चाचपडत चढतात, आणि प्रत्येकाला वाटतं की शेजारच्यांनी एव्हाना सांगितलं असेल. कुणीही दुष्ट नसतं. जबाबदारी आठांत वाटली गेल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा इतका लहान होतो की तो उचलावासा वाटत नाही. अपघाताच्या कोंडाळ्यात हेच घडतं, फक्त तिथे महिन्याऐवजी मिनिटं असतात.

दुसरं कारण याहून चोरटं आहे. त्याच दोघांनी आणखी एक प्रयोग केला. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या समोर भिंतीतून धूर यायला लागतो. माणूस एकटा असला तर ७५ टक्के वेळा तो उठून कुणाला तरी सांगतो. पण शेजारी आधीच पढवून ठेवलेले दोघं मख्खपणे लिहीत बसले असले, तर दहांतला एखादाच उठतो. बाकीचे डोळे चोळतात, खोकतात आणि फॉर्म भरत राहतात. संकट आहे की नाही, हे आपण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. शेजारी आपल्या चेहऱ्यावरून ठरवत असतो. दोघंही आतून घाबरलेले, वरून शांत. आणि दोघांनाही एकमेकांची शांतता खरी वाटते.

तिसरं कारण फजितीची भीती. आपण पुढे झालो, उचलताना काही चुकलं आणि चारचौघांत कुणी म्हणालं ‘तुमको क्या पड़ी थी’, तर? पुष्कळ शहाणी माणसं याच एका वाक्याला भिऊन मागे राहतात.

तरीही पुढे कोणीतरी येतंच

इथवर वाचून गर्दीवरचा विश्वास उडायला नको. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरची २१९ भांडणं-मारामाऱ्या सीसीटीव्हीवर बारकाईने पाहिल्या गेल्या. दहांपैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी किमान एक जण मध्ये पडला होता. गर्दी जास्त, तेवढी कुणी तरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त.

मग लाताने-डार्ली चुकले का? दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. गर्दीत प्रत्येकाची हलण्याची शक्यता कमी होते, पण माणसं पुष्कळ असल्यामुळे त्यांतला एखादा हलण्याची शक्यता वाढते. शिवाय मारामारीत संकट उघडं दिसतं, धूर येण्याइतकं ते संदिग्ध नसतं. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या माणसाचा आहे. तो हलला की ‘हे खरंच संकट आहे’ हे बाकीच्यांना कळतं आणि कोंडाळं सैल होतं.

म्हणूनच प्रथमोपचार शिकवणारे एक गोष्ट घोकून घेतात: ‘कुणीतरी फोन करा’ असं म्हणायचं नाही. एका माणसाकडे बोट करायचं. ‘तुम्ही, निळा शर्ट, १०८ लावा आणि लागला की मला सांगा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा. तुमच्या दुकानातला स्वच्छ कपडा द्या.’ वाटली गेलेली जबाबदारी अशी पुन्हा एकाच्या हातात येते. निळ्या शर्टवाल्याला आता दुसऱ्याकडे बघत राहता येत नाही.

घाई का, तेही समजून घ्यायला हवं. हृदय बंद पडलं तर मेंदूला रक्त पोचत नाही, आणि चार-पाच मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. रुग्णवाहिका कितीही चपळ असली, तरी दाटीच्या बाजारात ती एवढ्यात पोचणं कठीण. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर सरळ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. दमायला होतं, दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. रक्त वाहत असेल तर कपडा जखमेवर घट्ट दाबून धरायचा आणि ‘बघू या थांबलं का’ म्हणून सारखा उचलायचा नाही. मानेला मार असेल तर, आग किंवा भरधाव गाड्यांचा धोका नसल्यास, हलवायचं नाही. हे करायला डॉक्टर लागत नाही. फक्त हात रिकामे लागतात.

फोन हाताला काम देतो

आणि तिथेच फोन आडवा येतो. मला वाटतं, चित्रण करणाऱ्याला आपण समजतो तितका त्यात आनंद होत नसतो. भेदरलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी करावंसं वाटत असतं, आणि फोन ते ‘काहीतरी’ अगदी स्वस्तात देतो. पडद्यातून पाहिलं की दृश्य थोडं लांबचं, थोडं बातमीसारखं वाटू लागतं. बाजूच्यांनाही इशारा मिळतो: इथे बघायचं आहे. धुराच्या खोलीतल्या त्या मख्ख चेहऱ्यांचं काम आता वर धरलेला फोन करतो.

पण चित्रण करणारा प्रत्येक जण दोषी असं म्हणता येणार नाही. १४ ऑगस्ट २०२१ ची घटना ग्वाल्हेरकरांच्या लक्षात असेल. स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी महाराज बाड्यावरच्या पोस्टाच्या इमारतीपाशी अग्निशमन दलाची हायड्रॉलिक शिडी उभी केली होती. ती तुटली आणि तिघांचा जीव गेला. त्याची दृश्यं त्याच दिवशी फोनोफोनी फिरली. त्या क्षणी खाली उभ्या असलेल्या कुणालाही काही करता येण्यासारखं नव्हतं. सगळं काही सेकंदांचं. यंत्र कसं तुटलं, वर किती जण होते, खाली कोण उभं होतं, हे सांगणारं चित्रण अशा वेळी चौकशीला उपयोगी पडू शकतं. शिडी कोसळल्यानंतर माणसं जमिनीवर पडलेली असताना कॅमेरा तसाच चालू ठेवणं मात्र वेगळी गोष्ट. एकाच फोनमधल्या एकाच फितीत तिसाव्या सेकंदाला प्रश्न बदललेला असतो: आता माझ्या हातांना दुसरं काम आहे का?

देवलापारचा रस्ता

९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमा. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या हद्दीत एका ट्रकने दुचाकीला धडक दिली. मागे बसलेली पत्नी जागीच गेली. पतीने सांगितलं, त्यानुसार त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केले, विनवण्या केल्या. कुणी थांबलं नाही. शेवटी त्याने पत्नीचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडे निघाला. पोलिसांनी त्याला पुढे थांबवलं. मागून घेतलेला त्या दुचाकीचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला.

इथे कोंडाळं नव्हतं, मग काय झालं? ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. काय दिसलं ते उमगेपर्यंत ती शंभर मीटर पुढे गेलेली असते. आता मदत करायची म्हणजे गाडी बाजूला घेऊन मागे यायचं. न थांबणं आपोआप घडलेलं असतं, थांबणं ठरवून करावं लागतं. त्यात घाईची भर पडते. १९७३ च्या एका प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी वाटेत कण्हत बसलेल्या माणसासमोरून गेले. वेळ हाताशी होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं सांगून पाठवलेल्यांतले फक्त १० टक्के. त्यांतल्या काहींना तर वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या माणसाच्याच दृष्टान्तावर बोलायचं होतं! सणाचा दिवस, प्रत्येकाला बहिणीकडे पोचायचं. घाई किती असेल त्याचा अंदाज करा. मी हे माफीसाठी सांगत नाही. थांबलेल्या एका गाडीने बाकीच्या दहा थांबवल्या असत्या, एवढंच.

ट्रकचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. त्यावर लाल खुणा होत्या, यापलीकडे पतीला काही सांगता येत नव्हतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने चाळलं आणि सुमारे ३६ तासांत ट्रक शोधला. तो सापडला आपल्या दाराशी, ग्वाल्हेर-कानपूर मार्गावर, नागपूरपासून सुमारे ७०० किलोमीटरवर. कुणीही हातात न धरलेल्या कॅमेऱ्यांनी तो पकडून दिला.

‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?’

मानसशास्त्राइतकंच मोठं कारण आपल्याकडे पोलीस ठाणं आणि कोर्टाची तारीख हे आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ साली केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं. त्यांतल्या ८८ टक्क्यांना भीती होती ती पोलिसांच्या चौकशीची आणि कोर्टकचेरीची. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. इतकी वर्षं झाली तरी दुकानांच्या फळ्यांवर गप्पा जुन्याच भीतीच्या चालतात.

> चौकट : रस्त्यावरच्या अपघातात मदत केली, तर
>
> सद्भावनेने मदत करताना चूक झाली, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.
>
> पोलीस किंवा रुग्णालय नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे मदतकर्ता ठरवतो.
>
> रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही.
>
> कायद्यातला ‘सुवर्ण तास’ म्हणजे गंभीर इजेनंतरचा पहिला एक तास. त्या वेळात गंभीर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी केंद्राची ‘राहवीर’ योजना आहे; २०२५ पासून बक्षिसाची रक्कम २५,००० रुपये (आधी ५,०००).
>
> मे २०२५ पासूनच्या योजनेनुसार जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता होऊ शकतात.
>
> फोन : ११२ किंवा १०८.

हे संरक्षण मोटार अपघातांपुरतं आहे, हे ध्यानात असू द्यावं. आणि उलट बाजूही: परक्या माणसाला मदत केलीच पाहिजे, असं सर्वसाधारण बंधन आपला कायदा बघ्यावर घालत नाही. फ्रान्स आणि जर्मनीत ते आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये पॅरिसच्या बोगद्यात ब्रिटनच्या प्रिन्सेस डायानाची गाडी आदळली, तेव्हा मागावर असलेल्या छायाचित्रकारांची चौकशी याही कलमाखाली झाली. पुढे ती प्रकरणं टिकली नाहीत.

ज्याचं कामच फोटो काढण्याचं आहे

वृत्तछायाचित्रकाराचा प्रश्न बघ्याच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे, कारण त्याला तिथे पाठवलेलंच फोटोसाठी असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या ऑफिसातून सीएसटी स्थानकात धावले. हातात कॅमेरे. रेल्वेच्या डब्यांच्या आडोशाने त्यांनी बंदूकधाऱ्यांचे फोटो काढले. पाठीवर पिशवी आणि हातात रायफल घेतलेला कसाब जगाने पाहिला तो त्यांच्या फोटोत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकरही तिथे होते. त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. रायफलीपुढे कॅमेरावाला कुणाला वाचवू शकत नव्हता. हत्यारं असलेले पोलीस गोळी चालवत नाहीत, याचा डिसूझांना झालेला संताप त्यांनी नंतर बोलूनही दाखवला. पुढे दोघांनी न्यायालयात साक्ष दिली आणि त्यांचे फोटो खटल्यात पुरावा ठरले.

त्याच रात्री दुसरेही कॅमेरे चालू होते. ताज आणि ओबेरॉय हॉटेलांबाहेरून वाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ साली केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली.

एकच शहर, एकच रात्र. एका चित्राने न्यायाधीशाला मदत केली, दुसऱ्याने मारेकऱ्याला. दोन्हीकडे कॅमेरा चालवणारे आपलं काम चोखच करत होते. फरक पडला तो चित्र कुणापर्यंत आणि कधी पोचलं याने. फोटोच्या नैतिकतेवर आपण वाद घालतो तो बटण दाबण्याच्या क्षणावर, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त प्रश्न त्या क्षणानंतरचा असतो.

भोपाळच्या गॅसकांडाचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९८४ मध्ये मातीत अर्धवट पुरलेल्या अनोळखी बालकाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यूंच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. मूल आधीच गेलेलं होतं. वाचवायचं राहिलं असं काही नव्हतं. त्या चेहऱ्याने गॅसकांड मात्र विसरू दिलं नाही. केव्हिन कार्टरचं उलट झालं. १९९३ साली सुदानमध्ये त्यांनी टिपलेलं, कोसळलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड, या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि ‘मुलाला उचललं का नाही?’ हा प्रश्न त्यांचा पाठलाग करत राहिला. कार्टरनी गिधाड हाकललं होतं. साथीच्या भीतीने कुणाला हात लावू नका अशी सूचना तिथे आलेल्या पत्रकारांना होती. ते मूल त्या दिवशी वाचलं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. कार्टरनी जुलै १९९४ मध्येच आत्महत्या केली होती. तिच्यामागे कर्ज, नैराश्य, पाहिलेली युद्धं असं बरंच होतं. वाचकांना ते ठाऊक नव्हतं. चौकटीबाहेर काय घडलं, हे फोटोत दिसत नाही.

अंगठा आणि संपादक

वर्तमानपत्रात बटण आणि छापील पान यांच्यामध्ये तीन-चार माणसं असतात. घरच्यांना कळलंय का, चेहरा ओळखू येतो का, जखम दाखवायची गरज आहे का, हे कुणीतरी विचारतं. नेहमी विचारतंच असं नाही, पण विचारायची जागा असते. फोनवर ती जागाच नाही. ‘अत्यंत दुःखद’ असं लिहून फोटो गटावर पडतो आणि जयारोग्य रुग्णालयाच्या आवारात नातेवाईक पोचायच्या आत मामेभावाच्या फोनवर येतो. कपड्यांवरून ओळख पटते. ही बातमी घरी अशी कळू नये, यासाठी कायदा करावा लागू नये. पण जर्मनीने केला आहे. अपघातात असहाय पडलेल्या माणसाचे फोटो काढणं तिथे गुन्हा आहेच, आणि २०२१ पासून मृतांचे विटंबना होईल असे फोटो काढणंही.

मग काढलेल्या चित्रणाचं करायचं काय? धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर तुमच्याकडे आला असेल, तर तो पुरावा आहे आणि त्याची जागा तपास अधिकाऱ्याकडे आहे. गटावर टाकलेली प्रत त्यासाठी फारशी कामाची नसते, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि चित्रण कधी, कोणत्या फोनवर झालं याची आतली नोंद सहसा उरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा अंगठ्याचा ठसा, नोंदवावं लागतं. एक सेकंद कापला, वर गाणं चढवलं किंवा बाण काढला, की ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल न छाटता, नाव न बदलता फोनमध्ये तशीच ठेवायची आणि ठाण्यात तीच द्यायची.